शेवटी समजेल त्याने शिकवायचं

दहावीला ज्यांनी मला गणित शिकवलं, त्यांना पुढे मी संख्याशास्त्र शिकवलं, असं मी कुठे बोलले की माझ्या आईला आवडत नाही. तिला वाटतं मी फुशारकी मारते. खरं म्हणजे फुशारकी मारावी असं त्यात काहीच नव्हतं. आम्ही चौघं एकमेकांना शिकवत होतो आणि चौघांनाही धड येत नव्हतं.

चौघं म्हणजे मी, भेस्तानला राहणारी माझी शाळेपासूनची मैत्रीण, अर्थशास्त्राचा एक गुजराती मुलगा आणि सर. सगळ्यांची पीएच.डी. सुरतेतच चाललेली. सर म्हणजे आमच्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हेत. ते आमच्यासारखेच विद्यार्थी होते, फक्त आमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. दिवसभर सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड युनिटच्या टाइम ऑफिसात नोकरी करायचे, कोण किती वाजता आत आला आणि कोण रजेवर गेला ते बघायचे. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी उधन्यात मराठी माध्यमाच्या मुलांची ट्यूशन घेतली होती. मी आणि भेस्तानवाली, दोघी त्यांच्याच हाताखालून निघालो. पुढे मराठी शाळांमधली मुलं कमी होत गेली, आमच्याच आळीतली पोरं गुजराती आणि इंग्रजी माध्यमात जाऊ लागली, आणि सरांची ट्यूशन आपोआप बंद पडली. तेव्हा त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता लूम कामगारांच्या राहण्याच्या खोल्या आणि त्यांचं गावाकडे जाणं-येणं.

तर या सरांची नोंदणी रद्द व्हायला आली होती. मुदत एकदा वाढवून झाली होती, ती पुन्हा मिळणार नव्हती. दिवाळीच्या सुट्टीआधी आकडेवारीच्या विश्लेषणासकट सेमिनार द्यायचा आणि समितीने तो मान्य करायचा, नाहीतर इतक्या वर्षांचं काम पाण्यात. सेमिनारला सगळ्या विभागांपुढे उभं राहावं लागतं, आणि सरांना मुलाखती घेता येत होत्या, लिहिता सुंदर येत होतं, पण संगणकाने दिलेल्या त्या कोष्टकांपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. त्यांच्या गाईडने भेस्तानवालीला सांगितलं आणि तिने मला.

आम्ही तिघं तरुण कुठे तरी बसून पद्धती शिकणारच होतो. भेस्तानवालीने सरांना फोन करून विचारलं, की तुमची जुनी ट्यूशनची खोली रविवारी वापरायला मिळेल का, आणि खोली तुमची म्हटल्यावर तुम्हीही बसा. अशी ती आहे, समोरच्याचा मान राखून त्याला बरोबर जाळ्यात ओढते. सरांनी खोली झाडून ठेवली आणि आम्ही गेलो तर स्वतः शेवटच्या बाकावर बसले होते. मला ते बघवेना. ज्या बाकावर बसून मी त्यांच्याकडून गणितासाठी बोलणी खाल्ली, त्या बाकावर सर गुडघे आत घेऊन बसलेले, आणि मी फळ्याजवळ.

ती खोली एका लूमच्या कारखान्यावर आहे. रविवारीही निम्मे माग चालू असायचे. त्यांच्या खटाखटीने बाक थरथरत आणि फळ्याच्या कडेला ठेवलेला खडू हळूहळू सरकत खाली पडे. बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य मी आयुष्यात जितक्या मोठ्याने ओरडले आहे तितक्या मोठ्याने आमच्या विद्यापीठात कुणी ओरडलं नसेल.

सुरुवातीला आम्ही साधा विचार केला, ज्याला येतं त्याने शिकवावं. येत होतं अर्थशास्त्रवाल्याला. मुलगा गुणी, दर रविवारी पेपरात बांधलेला गरम लोचो, सुरतेचा तो डाळीचा वाफवलेला नाश्ता, घेऊन यायचा, पण शिकवायला लागला की गाडी थांबायचीच नाही. गुजरातीतून हिंदीत, हिंदीतून इंग्रजीत, आणि प्रत्येक ओळीनंतर ‘बराबर?’ म्हणायचा. आम्ही सगळे माना डोलवायचो. घरी जाऊन मी वही उघडली की त्यातलं अक्षर मला कळायचं नाही. मला वाटायचं बाकीच्यांना कळलं असेल, बाकीच्यांनाही तसंच वाटायचं.

भेस्तानवालीने नियम काढला. तिचं म्हणणं, ज्याला पहिल्यांदा समजतं त्याला आपल्याला ते कसं समजलं हे आठवत नाही. ज्याला सगळ्यात शेवटी समजतं, त्याला कुठे अडलं होतं ती जागा आठवते. म्हणून शेवटी समजेल त्याने पुढच्या रविवारी तेच पुन्हा शिकवायचं. ऐकायला फार छान वाटलं. अर्थशास्त्रवाल्याने तर टाळी दिली.

पण झालं असं, की शेवटी समजलं असं कबूल करायलाच कुणी तयार होईना. कबूल केलं की फळ्यापुढे उभं राहणं आलं. मी तर समजलं नसलं तरी पटकन मान हलवून मोकळी व्हायचे. सरांचा प्रश्नच नव्हता. त्यांनी आम्हाला बीजगणित शिकवलेलं, ते आमच्यापुढे ‘मला समजलं नाही’ कसं म्हणणार? ते गंभीर चेहऱ्याने ‘हं, हं’ करायचे. उरली भेस्तानवाली. दर रविवारी, ठरल्यासारखी, ती हात वर करायची.

“मले नाही समजलं. पुन्हा सांगा ना.”

तिचे आईवडील बुलढाण्याकडचे, वडील रेल्वेत कामाला लागून इकडे आलेले, त्यामुळे तिच्या बोलण्यात ते ‘मले’ टिकून आहे. कॉलेजात ती शुद्ध बोलते, आमच्यात आली की सोडून देते. तर ती एकदा म्हणायची, दोनदा म्हणायची, आणि तिसऱ्यांदा म्हणाली की माझं डोकं फिरायचं. अगं बाई, सरासरी तुला माहीत आहे, सरासरीपासून किती लांब ते माहीत आहे, आता वर्ग केला तर बिघडलं कुठे? ती शांतपणे म्हणायची, वर्ग का केला ते सांग. आणि मला ते सांगता यायचं नाही. मग अर्थशास्त्रवाला उठायचा, पुन्हा पहिल्यापासून सांगायचा, या वेळी सावकाश, आणि पुढच्या रविवारी भेस्तानवाली तेच शिकवायची.

आणि काय शिकवायची! अनेक गोष्टींचा परिणाम एकत्र असताना एकीचा वेगळा कसा काढायचा, हे तिने आम्हाला कळण्याच्या भाकरीवरून शिकवलं. म्हणाली, मोठ्या जावेची भाकरी चांगली होते की धाकटीची, असं विचारलं तर तुम्ही काय म्हणाल? थांबा म्हणाल. मोठीकडे घरून आणलेलं पीठ आहे आणि धाकटीकडे दुकानातलं. मोठीचा तवा जुना, धाकटीचा नवा. आता पीठ एकच द्या, तवा एकच द्या, आच सारखी ठेवा, आणि मग बघा भाकरीत किती फरक राहतो. जो राहील तो हाताचा. हे ऐकून सर मोठ्याने हसले होते. मी त्यांना त्या खोलीत कितीतरी वर्षांनी असं हसताना पाहिलं. अर्थशास्त्रवाल्याला कळणा म्हणजे काय ते कळेना, तर भेस्तानवालीने ज्वारी आणि उडीद एकत्र दळतात म्हणून सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात माझ्या आईने त्याच्यासाठी भाकरी करून दिल्या. त्याने त्या लोचोबरोबर खाल्ल्या. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

उन्हाळा गेला, पाऊस आला, आणि आम्हाला हळूहळू गोष्टी दिसायला लागल्या. संगणकाने काढलेल्या कोष्टकात ज्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो त्याच्यापुढे एक छोटी चांदणी छापून येते. नुसता योगायोग असता तर असा आकडा क्वचितच दिसला असता, एवढाच तिचा अर्थ. पण आमच्यात ती परीक्षेच्या निकालासारखी झाली होती. फोनवर पहिला प्रश्न असायचा, चांदणी आली का. माझी आली होती. भेस्तानवालीच्या आल्या होत्या. सरांच्या कोष्टकात एकही येत नव्हती.

सरांचं म्हणणं होतं, की ज्या खोल्यांमध्ये जास्त माणसं दाटीने राहतात, तिथली माणसं गावी जास्त वेळा जातात. खोलीतून सुटका म्हणून जातात. त्यांनी स्वतः वर्षभर रविवारी फिरून हे डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आकडे मात्र म्हणत होते की असं काही नाही. दसऱ्याच्या सुमारास एकदा सर आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, युनिटमध्ये ऑडिट आहे. भेस्तानवाली म्हणाली, ऑडिट वगैरे काही नाही, सर सोडून देणार आहेत. मी म्हटलं, सोडतील कसे, आम्ही आहोत ना. पण मलाही धास्ती वाटली. मी घरी आईला सांगितलं तेव्हा तिची भाकरी तव्यावर करपली, कारण सरांनी मला शिकवलं नसतं तर मी दहावीला नक्की बसले असते का, हे तिलाही माहीत आहे.

पुढच्या रविवारी भेस्तानवालीने सरांना घरून आणलं. कसं ते विचारू नका. तिने सांगितलं होतं की आज सेमिनारची तालीम करायची, सरांनी समितीपुढे बोलावं तसं बोलायचं आणि आम्ही समिती. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. अर्थशास्त्रवाल्याने लॅपटॉप उघडला आणि सर पहिल्यांदा आमच्याकडे तोंड करून फळ्यापुढे उभे राहिले. खोल्यांचं वर्णन सांगत होते तोवर आवाज ट्यूशनमधला होता. माहिती कशी गोळा केली, कुणाचंही नाव विचारलं नाही, वय नेमकं न विचारता गटाने विचारलं, हे सगळं नीट सांगितलं. मग म्हणाले, माहिती भरताना काही ओळी दोनदा भरल्या गेल्या होत्या, त्या काढून टाकल्या, आणि पुढच्या कोष्टकावर गेले.

भेस्तानवालीने हात वर केला.

“सर, मले नाही समजलं. कोणत्या ओळी दोनदा भरल्या होत्या?”

मी कपाळाला हात लावला. दुहेरी ओळी काढायच्या असतात हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो होतो, आणि आता तालमीत ही असले प्रश्न काढते. सरांनी सांगितलं, की कॉलेजच्या मुलांना माहिती भरायला बसवलं होतं, त्यांनी काही फॉर्म दोनदा भरले असणार. खोली तीच, गाव तेच, वयाचा गट तोच, कारखाना तोच, इतकंच काय, माग चालवतो तोही तोच. संगणकाला सांगितलं की सारख्या ओळी शोध, त्याने शोधल्या, एक ठेवली आणि एक काढली. अर्थशास्त्रवाला म्हणाला, बराबर. मीही म्हणाले, बरोबर.

“पण सर,” भेस्तानवाली म्हणाली, “एका मागावर माणूस एकच असतो का?”

खाली माग चालू होते. सरांनी लॅपटॉपवरचं ते कोष्टक पुन्हा बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला ते कळण्याआधी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. एका मागावर दोन माणसं असतात. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. बहुतेक वेळा एकाच गावचे, एकाने दुसऱ्याला कामाला लावलेलं असतं, भाऊ नाहीतर चुलतभाऊ, वयही मागेपुढे. खोली एक, खाट एक. एक कामाला जातो तेव्हा दुसरा येऊन झोपतो. पाळी दर पंधरवड्याला बदलते म्हणून सरांनी पाळीचा प्रश्नच विचारला नव्हता, आणि तो नसल्यामुळे दोन माणसं संगणकाला एकच दिसली. ज्या माणसांच्या वाट्याला खाटसुद्धा अर्धीच येते, तीच माणसं नेमकी गळून गेली होती. हे मला किंवा भेस्तानवालीला नवीन नव्हतं. सरांना तर नव्हतंच. सर लहान असताना रातपाळीचे काका सकाळी आले की सरांना उठवून पायरीवर बसवायचे आणि सर तिथे पाढे म्हणायचे, हे सरांनीच आम्हाला ट्यूशनमध्ये सांगितलं होतं. सरांनी हे माहीत असून केलं, कारण संगणकाला सांगितलेल्या त्या आज्ञेने नेमकं काय होतं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

सर फळ्याशी टेकले. शर्टाला खडू लागला.

“ही एक ओळ दोनदा लिहिलेली नाही,” ते म्हणाले. “ही दोन माणसं आहेत.” मग कुणाकडेही न बघता म्हणाले, “मी काय करत होतो ते मला समजलं नव्हतं. मला यातलं पुष्कळ समजलेलं नाही. पहिल्यापासून सांगता का?”

त्या खोलीत त्यांच्या तोंडून हे वाक्य कधी निघालं असेल असं मला वाटत नाही. अर्थशास्त्रवाल्याने लॅपटॉप त्यांच्या बाजूला सरकवला आणि पहिल्यांदाच अगदी हळू, एकेक शब्द सांगत, मूळ फाईल पुन्हा उघडली. सर विचारत गेले. एकदा विचारायला लागल्यावर त्यांना थांबवणं कठीण होतं. वर्ग का करायचा, हेसुद्धा त्यांनी विचारलं.

काढलेल्या ओळी कागदी फॉर्मशी ताडून परत घातल्या. दुहेरी भरलेल्या खरोखर थोड्याच निघाल्या, बाकी सगळी माणसंच होती. नियमाप्रमाणे पुढचा रविवार सरांचा होता. त्यांनी शिकवलं आणि मला पुन्हा दहावीत बसल्यासारखं वाटलं. मान हलवून सुटता यायचं नाही, लगेच विचारायचे, सांग बरं मी काय म्हणालो.

सेमिनारच्या दिवशी आम्ही तिघं शेवटच्या रांगेत बसलो होतो. मी इतकी घाबरले होते की भेस्तानवालीने मला दोनदा चिमटा काढला. सरांची एक चांदणी आली होती, एक नव्हती आली, आणि दोन्ही त्यांनी तशाच सांगितल्या. ओळी कशा गळाल्या आणि परत कशा आल्या तेही सांगितलं. मी मनात म्हटलं, ते कशाला सांगायचं. मग बाहेरून आलेल्या एका वयस्कर बाईंनी प्रश्न काढला. म्हणाल्या, एका खोलीतली माणसं एकमेकांचं बघून गावी जाणार, एकाच गाडीने जाणार. मग तुमच्या गणितात तुम्ही प्रत्येकाला सुटा कसा धरला? याचं उत्तर मला येत नव्हतं. अर्थशास्त्रवाल्याकडे बघितलं तर तो छताकडे बघत होता. आम्ही ते शिकलोच नव्हतो. भेस्तानवालीनेही खाली मान घातली. आता गेलं, असं मला वाटलं.

“तुमचं बरोबर आहे,” सर म्हणाले. “ते कसं करायचं ते मला समजलेलं नाही. शिकून घेतो आणि प्रबंधात घालतो.”

सगळ्या विभागांसमोर, आमच्या वयाच्या मुलांसमोर, अगदी साध्या आवाजात. बाईंनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, घाला, आणि या दोन माणसांच्या एका ओळीवर वेगळं प्रकरण लिहा. समिती आत गेली. बाहेर येऊन अध्यक्षांनी मान्य केल्याचं सांगितलं, तेव्हा टाळ्या आधी आम्ही वाजवल्या की इतरांनी ते आठवत नाही.

बाहेर कँटीनला सरांनी सगळ्यांना चहा सांगितला. मी खुशीत होते आणि खुशीत असले की माझी जीभ सुटते. मी भेस्तानवालीला म्हटलं, तुझे ते मठ्ठ प्रश्न शेवटी उपयोगाला आले बाई. ती दुहेरी ओळींची गोष्ट तू पहिल्या महिन्यातही तीनदा विचारली होतीस, आठवतं? ती चहात बघत म्हणाली, पहिल्यांदाच समजली होती. मग म्हणाली, बाकीचंही बहुतेक सगळं पहिल्यांदाच समजायचं.

मला कळेना. मग का विचारायचीस? दर रविवारी फळ्यापुढे उभी राहायचीस, आमची बोलणी खायचीस, ते का? ती ग्लास फिरवत राहिली. सरांकडे मात्र बघितलं नाही, आणि तेवढ्यावरून मला कळलं. तिला माहीत होतं की सर विचारणार नाहीत. म्हणून सरांच्या वाटचं ती विचारत होती. मला तिचा राग आला, मला आधी सांगितलं असतंस तर मी गप्प बसले असते ना. आणि त्याच वेळी वाटलं की आपल्याला असं कधी सुचलं नसतं.

सर आमच्याशी कायम पुस्तकी मराठीत बोलत आले. मी खान्देशी आणि तेही खान्देशी, तरी शिकवताना त्यांनी घरची भाषा कधी येऊ दिली नाही. त्या दिवशी चहाचा ग्लास टेबलावर ठेवून ते तिला अहिराणीत म्हणाले,

“माले माहीत व्हतं. तू इचारस म्हनीसन तं मी येत व्हतू.”

भेस्तानवालीने ओढणी तोंडाला लावली. अर्थशास्त्रवाल्याला यातलं काही कळलं नव्हतं, तो माझ्याकडे वळून हिंदीत विचारू लागला की सर काय म्हणाले, हे सगळे असे का बसलेत. मी सांगायला तोंड उघडलं आणि मलाच रडू आलं.